बर्फाचं खातं

दुकान विकायचं आहे, म्हणून मला बोलावलं.
दक्षिण फिलाडेल्फिया, चीजचं दुकान, चार पिढ्यांचं.
ओर्नेला इनग्रासिया पोटमाळ्यावरून खोकी उतरवते
आणि मी, टॅक्सची माणूस, मूळची सांगलीची,
तिच्या पणजीच्या वह्यांवरची धूळ फुंकते.
आमच्याकडच्या हळदीच्या अडत्यांसारखंच लफ्फेदार अक्षर.

दर शनिवारी एक शब्द.
"ग्याच्चो," ओर्नेला वाचून दाखवते.
मला ऐकू येतं, घ्या.
बर्फ, ती म्हणते. बर्फाचे पंचवीस सेंट.

१९११ साली बर्फ खरा होता.
स्कूलकिल नदी गोठली की करवतीने कापायचे,
भुशात निजवून ठेवायचे जुलैपर्यंत.
गास्पारे तुम्मिनेल्लो तो खांद्यावर आणायचा,
गोणपाट, आकडा, मानेवरून पाठीत ओघळणारं पाणी.
सगळ्या गल्लीत त्याच्याइतकं कष्टाळू कुणी नव्हतं
असं पणजी सांगायची, आणि ती खोटं बोलायची नाही.

मग एका उन्हाळ्यात कुणीतरी
शेजारच्या शिंप्याच्या कनातीवर रॉकेल ओतलं.
पोलीस आला, नाव मल्हर्न, त्याला इटालियन येत नव्हतं,
शिकायची हौसही नव्हती. वास घेतला, गेला.
त्या रात्रीपासून गास्पारे बर्फाची कुऱ्हाड घेऊन
पणजीच्या उंबऱ्याशी झोपला. सलग अकरा रात्री.
काही मागितलं नाही.
बाराव्या दिवशी पणजीनेच पस्तीस सेंट दिले.
वाढलेले दहा
बर्फाच्याच ओळीत आहेत. दुसरी ओळ कुठून काढणार?

रॉकेल कुणाचं, ते वहीत नाही.
ओर्नेला म्हणते, त्या गल्लीत तेव्हा
रॉकेलही गास्पारेचाच भाऊ विकायचा.
एवढं बोलून ती खोक्याला टेप लावते.

दारूबंदी आली. बर्फ जड झाला,
लाद्यांखाली बाटल्या. मल्हर्न बढती घेऊन परतला,
आता त्याला "बुओनासेरा" म्हणता येत होतं.
बर्फ उचलायचा गास्पारे, हात ओले व्हायचे भलत्यांचेच.

१९३८. दुकानात फ्रिज आला, पावती चिकटवलेली आहे.
त्याच शनिवारी: बर्फ, दोन डॉलर.
१९५१, बर्फ, नऊ.
१९७७, बर्फ, एकशे चाळीस.
गास्पारे मेला, मुलगा तुरुंगात गेला, पुतण्या आला,
वर्तमानपत्रांनी तीनदा छापलं की टोळी संपली.
ती कात्रणं वहीतच आहेत, खुणेसाठी घातलेली.
आमच्या धंद्यात म्हणतात, कुठेतरी पाणी मुरतंय.
इथे पाणी केव्हाच मुरून गेलं,
खातं तेवढं कोरडं ठणठणीत.

आता ते ईमेलने येतं.
"परिसर सेवा", इन्व्हॉइस नंबर, विक्रीकरासकट.
दुकान घेणारा पोरगा, कॉफीवाला, दाढी, कोपरापर्यंत टॅटू,
कागद चाळत मला विचारतो, ही परिसर सेवा म्हणजे काय?
ओर्नेला खिडकीबाहेर बघते.
मी म्हणते, किरकोळ खर्च.
वजावट मिळते.

संध्याकाळी बाहेर आले. दिवसभर बर्फ पडला होता,
रांगेतल्या सगळ्या गाड्या पांढऱ्या, आंधळ्या.
माझीच काच तेवढी
कुणीतरी खरवडून ठेवली होती, कडेपर्यंत, नीट,
वायपर उभे करून.
फुटपाथवर चिटपाखरू नव्हतं.
मी काही मागितलं नव्हतं.
तरी हात पर्समध्ये गेला,
सुटे किती आहेत ते चाचपायला.